अव्वानं थापलेली भाकर

चर्चच्या आतल्या खोलीत महिला मंडळाच्या सेक्रेटरी बाईंनी ताटावरचा पांढरा रुमाल बाजूला केला. माझ्या आईनं केलेली भाकर दोन बोटांनी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुडकं बेसिनखाली सरकवलं. मग आपल्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात दुसरी भाकर होती, त्यांच्या घरची. तिचे चौकोनी तुकडे करून ताटात मांडले आणि वर तोच रुमाल घातला. नळावर हात धुतले. साबण लावून, दोनदा.

मी दारात उभी होते. अकरा वर्षांची. पाणी प्यायला आले होते.

"तू कुणाची गं?"

मी आईचं नाव सांगितलं. बाईंनी हात पुसले. मग हसल्या आणि कपाटातला केकचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"आईला सांगू नकोस हं. ती दवाखान्यात संडास धुते ना, स्वच्छतेचा प्रश्न असतो. तिला उगाच वाईट वाटेल."

मी मान हलवली. केक खाल्ला. गोड लागला. लिहायला लाज वाटते, पण लागला.

त्या चर्चचं नाव मी लिहिणार नाही. कोल्हापुरात भर मध्यावर आहे, दगडी आहे, मोठं आहे, एवढं पुरे. एका बाजूला मोबाईलची दुकानं, दुसऱ्या बाजूला लॉज, समोर रिक्षा स्टॉप. ज्यांनी आयुष्यात बायबल उघडलं नाही तेसुद्धा पत्ता सांगताना म्हणतात, चर्चपासनं डावीकडं वळा. बॅप्टिस्ट चर्च. व्यासपीठाच्या खाली हौद आहे, त्यात माणसाला पुरतं बुडवून बाप्तिस्मा देतात. आमच्या घरातले सगळे त्याच हौदातून बाहेर आलेत. पुढच्या बाकावरचेही त्यातूनच आलेत. पाणी एकच.

आमचं गाव गडहिंग्लजकडचं, कर्नाटकच्या सीमेजवळचं, म्हणून आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिथं आमचं घर मांगवाड्यात. गाव संपलं की ओढा, आणि ओढ्यापलीकडं आम्ही. आजोबा दोर वळायचे. वडील कामासाठी शहरात आले आणि आम्ही झोपडपट्टीत राहायला लागलो. पण रविवारी अव्वा धुतलेलं लुगडं नेसायची, आमचे केस तेल लावून चापूनचोपून बसवायची आणि रिक्षावाल्याला मोठ्यानं सांगायची, "आमच्या चर्चला सोडा." आमच्या. तो शब्द ती असा म्हणायची की रिक्षावाला एकदा मागं वळून बघायचा.

झोपडपट्टीतही पत्र्याची एक प्रार्थनेची खोली होती. तिथले भाऊ सारखे बोलवायचे. अव्वा जायची नाही. म्हणायची, "जलमभर कडंला ऱ्हायलो की आमी. देवानं मधी जागा दिल्या, आता परत कडंला कशाला जायाचं?"

देवानं दिली असेल. माणसांनी दिली नव्हती. पुढचे बाक जुन्या घराण्यांचे. त्यांचे पणजोबा गोऱ्या मिशनऱ्यांकडं मास्तर होते, कंपाउंडर होते. तेही कुठल्या तरी गावातून, कुठल्या तरी वाड्यातून आलेले. पण आधी आलेले. आम्हाला कुणी मागं बसा असं कधी म्हटलं नाही. नुसतं विचारायचे, "मूळ गाव कुठलं तुमचं? गावात की गावाबाहेर?" उत्तर दिलं की आपोआप आपण मागच्या बाकावर. चपलांच्या शेजारी.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूची आठवण म्हणून सगळे एकाच भाकरीचा तुकडा खातात. त्याची भाकर महिला मंडळातल्या बायका नंबरानं घरून करून आणतात. यादी आतल्या खोलीच्या दारामागं चिकटवलेली असते. नव्या पाळकसाहेबांनी एकदा उपासनेत सांगितलं की यादीत कुणीही नाव घालावं. अव्वानं त्याच दिवशी घातलं. तिला लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं.

शनिवारी तिनं घर सारवल्यासारखं पुसून काढलं. डोक्यावरून आंघोळ केली. नवीन पीठ आणलं, चाळलं, पुन्हा चाळलं. बाकीच्या बायका ही भाकर पोळपाटावर लाटायच्या. अव्वाला लाटणं कधी जमलंच नाही. आमच्याकडं पोळपाट नव्हता, रोज ज्वारीचीच भाकरी. तिनं गव्हाची कणीकसुद्धा परातीत हातानं थापली. थापताना बोलली नाही. आम्हालाही बोलू दिलं नाही. तीच भाकर बेसिनखाली गेली.

त्या रविवारी ताट मागच्या बाकापर्यंत आलं. अव्वानं तुकडा उचलला, डोळे मिटले, तोंडात घातला. बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मी तिच्याकडं बघत होते आणि माझ्या तोंडात अजून केकची चव होती. घरी जाताना ती म्हणाली, "सगळ्यांनी माजी भाकर खाल्ली बघ." मी "व्हय" म्हटलं.

त्यानंतर दर वर्षी तिचा नंबर आला. दर वर्षी तिनं थापली. दर वर्षी मी "व्हय" म्हटलं. मी बाईंची चाकरी करत होते, फुकट. त्यांचं गुपित माझ्या आईपासून राखत होते. मला वाटायचं, मी अव्वाला जपते आहे.

मी आता नर्स आहे. पुढच्या बाकावरच्या किती जणांचे हात धरून सलाईनची सुई लावलीय. शुद्धीवर नसताना त्यांची अंगं पुसलीत. तेव्हा कुणी स्वच्छतेचा प्रश्न काढला नाही. आणि बाई अजून सेक्रेटरीच आहेत. केस पांढरे झाले, बाकी तशाच.

या वर्षी अव्वाचा नंबर आला तेव्हा तिचे गुडघे पार गेले होते. परातीपुढं बसायला तिला माझा खांदा धरावा लागला. मला बघवेना. मी म्हटलं, "अव्वा, र्‍हाऊ दे की. नको करूस."

"का गं?"

मी परात माझ्याकडं ओढायला गेले. ती कणीक मळत राहिली. मग खालमानेनंच म्हणाली, "बदलत्यात म्हणून?"

मी परातीवरचा हात काढला.

"पयल्याच दिवशी कळलं मला. माजी थापल्याली. ती लाटल्याली हुती. तोंडात घातल्यावर कळतंय की."

"मग बोलली न्हाईस का इतकी वर्सं?"

"तू ल्हान हुतीस. म्हटलं, पोरीला वाईट वाटंल."

आम्ही दोघी रडलो. एकाच खोलीत राहून, एकाच ताटात जेवून, आम्ही एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली होती. आणि लपवायला आम्हाला कुणी शिकवलं, तर ज्यांनी पाप केलं त्यांनी. त्या मात्र शांत झोपत होत्या.

"मग अजून का करतीस?"

तिनं डोळे पुसले. पिठाचा हात गालाला लागला. "एकदा तरी जाऊ दे की गं टेबलावर. मी जायाच्या आदी."

सकाळी मी चर्चमध्ये गेले ती थेट आतल्या खोलीत. ताट टेबलावर ठेवलं आणि त्याच्यापुढं उभी राहिले. बाई आल्या. हातात डबा होता.

"सलाम," आमच्यात भेटल्यावर म्हणतात तसं त्या म्हणाल्या. "अगं, तू इथं कशी? जा, बस जाऊन. मी बघते."

"आज हेच ताट जाणार."

त्यांनी डबा पदराखाली घेतला. "देवाच्या घरात भांडायला आलीस?"

"न्हाय. ताट न्यायला आलोय."

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आईला वाईट वाटेल."

तेच वाक्य. माझा आवाज चढला. "तिला सगळं म्हाईत हाय! पयल्या दिवसापास्नं म्हाईत हाय! तुमालाच म्हाईत न्हवतं!"

बाहेर पेटी वाजायची थांबली. पुढच्या बाकांना सगळं ऐकू गेलं होतं. मी अव्वाच्या भाकरीचे तुकडे केले, ताट उचललं आणि स्वतः नेऊन टेबलावर ठेवलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. प्रार्थना झाली. ताट पुढच्या बाकावरून निघालं.

मी भिंतीशी उभी राहून पाहिलं. पहिल्यानं ताट घेतलं आणि तुकडा न उचलता शेजारच्याकडं दिलं. शेजारच्यानं त्याच्या शेजारी. कुणी तुकड्यावर बोट टेकवल्यासारखं केलं, कुणी डोळे मिटून प्रार्थनेत असल्याचं सोंग केलं. एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांनी घेतला. एका नव्या नवरीनं घेतला, तर नवऱ्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. बाकी ताट पुढं सरकत राहिलं. एरवी मागच्या बाकावर ते यायचं तेव्हा तळाला चार तुकडे उरलेले असायचे. त्या दिवशी आमच्यापर्यंत ताट आलं, ते भरलेलं होतं.

अव्वानं त्या भरल्या ताटाकडं पाहिलं. मग पुढच्या सगळ्या पाठींकडं पाहिलं. मला वाटलं, मी हे काय केलं. इतकी वर्षं अपमान पुडक्यात बांधलेला होता, तो मी तिच्या मांडीवर उघडून ठेवला.

तिनं तुकडा उचलला, चावला आणि म्हणाली, "हां. ही माजी हाय."

मागच्या बाकावरच्या सगळ्यांनी घेतला. चपलांजवळ उभ्या असलेल्यांनीही घेतला.

घरी जाताना तिनं रिक्षात ताटावरचा रुमाल घडी करून ठेवला. घर आल्यावर म्हणाली, "माजं नाव काड आता यादीतनं. बघितलं मी. पुरं झालं." त्या दिवसापासून तिनं कणकेला हात लावलेला नाही. मी तिला तिची भाकर टेबलावर नेऊन दाखवली, आणि तिची दर वर्षीची ती एक आशा संपवली. हे माझ्यावर आहे. मी ते नाकारत नाही.

चार दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, मंडळीत शांती हवी. तुमच्या वस्तीत प्रार्थनेची चांगली खोली आहे, तिथं तुम्हाला आपलेपणा वाटेल. मी म्हटलं, साहेब, गावानंही आम्हाला असंच प्रेमानं ओढ्यापलीकडं ठेवलं होतं. आम्ही जाणार नाही. चर्च शहराच्या मध्यावर आहे, आणि आम्ही त्या चर्चमध्ये आहोत.

पुढच्या रविवारी मी दारामागची यादी काढली. अव्वाचं नाव खोडलं. तिथं माझं लिहिलं. आमच्या बाकावरच्या आणखी तिघींची त्यांना विचारून लिहिली.

माझा नंबर येईल तेव्हा भाकर मी करीन. मीही थापूनच करीन, आणि ताट एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ देणार नाही. मी स्वतः धरून प्रत्येक बाकापुढं उभी राहीन. घ्यायची नसेल त्यानं माझ्या तोंडाकडं बघून नको म्हणावं. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो नको म्हणेपर्यंत मी पुढं सरकणार नाही.