पंचनाम्यात न आलेल्या वस्तू

"आधी धरा, मंग हासा," असं म्हणत चाचा आपल्या हातात वस्तू ठेवायचे आणि स्वतः पाठ फिरवून कूलरच्या मोटारीशी खुडबुड करत बसायचे. आपण हसलो की त्यांचे खांदे हलायचे. तोंड मात्र दाखवायचे नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं टिनाचं दुकान होतं. कूलर, पाण्याचे पंप, मिक्सर दुरुस्त करायचे. पोट त्यावर चालायचं. दुकानासमोरच्या लाकडी फळीवर जे मांडलेलं असायचं, ते विकायचं नसे. दोन्ही पारडी एकाच बाजूला टांगलेला तराजू. ताडाच्या पानाचा हातपंखा आणि त्याच्या दांडीवर बसवलेला रेग्युलेटर, एक ते पाच. लाईन गेली की चाचा तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "पाचवर नका घेऊ बाबू, मनगट जळंल."

एका उन्हाळ्यात नळाला बरेच दिवस पाणी आलं नाही. चाचांनी एक पितळी तोटी फोटोच्या चौकटीत बसवली, तिला हार घातला, पुढे उदबत्ती लावली. येणारा-जाणारा थांबू लागला. शेजारचा टेलर हात जोडून म्हणाला, "लय चांगली होती बिचारी. रोज सकाळी येत होती."

"रोज कुठं? खोटं कायले बोलून राह्यला," चाचा म्हणाले. "मेलेल्याबद्दल खोटं बोलू नाही."

मी नगरपंचायतीत बाबू आहे. ती तोटी आमच्यावरच होती, तरी सगळ्यांत जास्त मीच हसलो. संध्याकाळी घरी जाताना त्या फळीपाशी थांबायची मला सवयच लागली होती. नवीन वस्तूला नाव काय द्यायचं, हे चाचा मला विचारायचे. चार-पाच नावं तर माझीच. तराजूचं ‘आपलं माणूस’ हे नाव मी दिलेलं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि अतिक्रमण हटवायची मोहीम निघाली. पंचनामा लिहायचं काम माझ्याकडे होतं. ज्यांना या कामाची माहिती नाही, त्यांच्यासाठी सांगतो. उचललेल्या मालातली एकेक वस्तू कागदावर लिहायची असते. लिहिलेली वस्तू गोदामात जाते आणि मालकाला पावती दाखवून परत मिळते. भंगार म्हणून लिहिलं, की ते थेट कचरा डेपोवर.

चाचांच्या दुकानात मी भराभर लिहीत गेलो. कूलर तीन, पंप दोन, वाइंडिंगचं मशीन एक. मग फळीपाशी आलो. नगरपंचायतीचे नवे साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

चाचा पलीकडेच उभे होते. दुकान पडत होतं, तरी त्यांच्या चेहऱ्यावर थोडी उत्सुकता होती. मी साहेबांना काय सांगतो, ते त्यांना ऐकायचं होतं.

काय लिहिणार होतो मी? ‘आपलं माणूस, नग एक’? साहेब हसले असते. हसले असते तर काय बिघडलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

"भंगार आहे, सर," मी म्हणालो आणि तसंच लिहिलं. किरकोळ भंगार, एक ढीग.

जेसीबीला वाट मिळावी म्हणून चाचांनी आपलं स्टूल स्वतःच बाजूला घेतलं.

तिसऱ्या दिवशी ते पावती घेऊन कार्यालयात आले. कूलर, पंप, मशीन ताब्यात घेतलं, सही केली. मग विचारलं, "अन् बाकीचं?"

मी पंचनामा पुढे केला. ती एक ओळ ते बराच वेळ वाचत राहिले.

"तुमाले त एकेकाचं नाव ठाऊक होतं, बाबू."

"साहेब सोबत होते, चाचा."

"हो. होते ना," म्हणाले आणि कागद सुलटा करून त्यांनी माझ्याकडे सरकवला.

त्याच दुपारी मी डेपोवर गेलो. कचरा वेचणारी एक बाई म्हणाली, "लोखंड-पितळ त कालच गेलं. लाकूड आमी जाळलं. काय होतं साहेब, कामाचं होतं का?"

मी नाही म्हणालो. तिथेसुद्धा.

चाचांनी मागच्या गल्लीत खोली घेऊन काम पुन्हा सुरू केलं. मी जायचो. "बसा बाबू" म्हणायचे, चहा सांगायचे. फळी मात्र नव्हती. एकदा धीर करून विचारलं, "काही नवीन?"

"आहे ना. हा कूलर. पानीच फेकत नाही."

तो खरोखर नुसता कूलर होता.

पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि ते मुकुटबनला लेकीकडे राहायला गेले. मी घरी बसून तो पंचनामा नव्याने लिहायला घेतला. त्याच नमुन्यात: अनुक्रमांक, वस्तू, वर्णन, आणि वेगळ्या रकान्यात नाव. आठवून आठवून लिहिताना कित्येक रविवार गेले. एकोणीस वस्तू झाल्या, तेव्हा कागद घेऊन मुकुटबन गाठलं.

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. "मले दिसत नाही आता. तुमीच वाचा," म्हणाले. मी वाचलं. तोटीपाशी ते हसले. तराजूपाशी नुसतं "हं" म्हणाले. मी वाचत असताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.

"एक राह्यलं," ते शेवटी म्हणाले.

"कोणतं, चाचा?"

"मी काहून सांगू? लिवनारे तुमी."

रागाने नव्हे, थट्टेनेच म्हणाले. तेवढ्यात लेकीने चहा आणला आणि ते राहून गेलं. पुन्हा येतो म्हणून मी निघालो. पावसाळा संपता संपता, चाचा गेल्याचा तिचा फोन आला.

तेव्हापासून मी जुन्या रस्त्यावरच्या लोकांना विचारत असतो. टेलर म्हणतो, ते कुलूप होतं, दोन्हीकडून लागणारं. पानवाला म्हणतो, कुलूप कसलं, चिमटा होता. तुमच्यापैकीही कोणी बससाठी थांबलेलं असताना ती फळी पाहिली असेल. यादीत विसावा आकडा मी घालून ठेवला आहे. कुलूप लिहू की चिमटा, काही ठरत नाही. अंदाजाने लिहायची मला आता भीती वाटते.