निवडणुकीआधीच अध्यक्षांचा चहा

बालवाडीवाल्या माझ्या बायांनो, आज दुपारी पालघरला आमच्या ओसरीवर जे झालं, ते काही माझ्या गळी उतरत नाही.

आपल्या बालवाडी शिक्षिकांच्या राज्य संघटनेच्या पाहुणीबाई आल्या होत्या. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, बोईसरला बाहेरगावची कुटुंबं आली, म्हणून पालघर, मुरबे, बोईसर मिळून एकच शाखा करायची आणि तिचा अध्यक्ष आजच मतानं निवडायचा म्हणाल्या. बोलणं अगदी साखरेत घोळलेलं!

मुरब्याला कोळ्यांच्या पोरांची बालवाडी चालवणारी हिराबाय म्हणाली, "बोटी किनाऱ्याला लागल्या का आमी सभेला येनार नाय. आमच्या सोयीचा वार धराल ना?"

"ते अध्यक्ष ठरवतील," पाहुणीबाई म्हणाल्या. तेवढ्यात चहा आला, तर पहिला कप त्यांनी बोईसरच्या बालवाडीवर नव्यानं आलेल्या तरुण बाईंपुढे सरकवला. "आधी अध्यक्षांना."

अहो, निवडणूक तर अजून व्हायची होती!

ती पोर बिचारी लालबुंद झाली. हिराबाय हसली, "पी गो बाय, तुजा काय दोस?"

मी मात्र मतदान होऊ दिलं नाही. निवड हिराबायच्या सोयीच्या वारी मुरब्यालाच करू म्हटलं, तर पाहुणीबाई "कळवते" म्हणून उठल्याच.

तुमच्या शाखा जोडल्या तेव्हा तुम्हालाही असंच "कळवते" म्हणाले होते का? आणि मग कोणी कळवलं का?