हे लिहिलंय कोणी?

इरावतीताईंनी परळच्या एका हॉस्पिटलच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढली. डॉक्टरांना हवे ते लेख शोधून द्यायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गिरगावातल्या चाळीत पहिल्या मजल्यावर त्या एकट्याच राहत. वरच्या मजल्यावर चिंतामणी कोठारे आणि त्यांची बायको दुर्गा. जिन्यात गाठ पडली की "काय, बरं ना?" एवढाच संबंध.

दुर्गाबाईंच्या हृदयात सहा वर्षांपूर्वी धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. गेल्या फेब्रुवारीत चिंतामणींच्या मोबाइलवर एक लेख आला: ही गोळी म्हणजे उंदरांचं विष, ती सोडा, आमचा काढा घ्या. सहा वर्षं आपण हिला विष देतोय? "गोळ्या संपल्यात, आणतो," असं दुर्गाबाईंना सांगून त्यांनी पाकीट कपाटात लपवलं. ताई हॉस्पिटलात होत्या हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी काढ्याबद्दल विचारायला ते त्यांच्याकडे गेले.

ताई हसल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचला.

"उंदरांचं खरंय. हेच द्रव्य भरपूर घालून ते विष करायचे. अर्धं खरं असतं, म्हणूनच फसायला होतं. पण कोठारे, हे लिहिलंय कोणी?"

चिंतामणींनी लेख वरपासून खालपर्यंत पाहिला. नाव नव्हतं, तारीखही नव्हती. तळाला फक्त लाल बटण: 'आजच मागवा'.

ताईंनी लॅपटॉपवर एका हृदयरोग संस्थेचं पान उघडलं. लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं, शेवटच्या तपासणीची तारीख, आधाराला घेतलेले अभ्यास, सगळं होतं. मग त्यांनी एक सरकारी पानही पडताळलं. दोन्हीकडे तेच: धातूचा व्हॉल्व्ह असेल तर गोळी मनाने बंद करू नका, गुठळी होऊन अर्धांगवायू होऊ शकतो.

"ताई, दोन दिवस गोळी दिली नाही हो मी."

"मग वाचत बसू नका. डॉक्टरांना फोन लावा, आत्ता."

डॉक्टरांनी लगेच बोलावलं. टॅक्सीत दुर्गाबाईंबरोबर ताईही बसल्या. वाटेत चिंतामणींनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"अहो, मला विचारायचं तरी!" दुर्गाबाई म्हणाल्या आणि रडवेल्या झालेल्या नवऱ्याचा हात त्यांनी धरून ठेवला.

तपासणीत रक्त घट्ट व्हायला लागलेलं दिसलं, पण गुठळी नव्हती. गोळी सुरू झाली, काही दिवस इंजेक्शनंही. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले.

त्या आठवड्यात चिंतामणी आणि दुर्गाबाई ताईंच्या दारात गेले. दुर्गाबाई पुढे झाल्या. "ताई, तुम्ही नसता तर..."

"फोन यांनी लावला हो," ताई म्हणाल्या. "चूक कबूल करायला हिंमत लागते. आता आत या, चहा टाकते."

आता कोणी काही पाठवलं की चिंतामणी आधी नाव आणि तारीख शोधतात, मग डॉक्टरांना विचारतात. रविवारी कोलंबीचं खमंग भाजलेलं भानोलं केलं की दुर्गाबाई पहिला तुकडा खाली ताईंकडे पाठवतात, आणि तो न्यायचा मान चिंतामणी कुणालाच देत नाहीत.