तडतडी माफी मागत नाही

तिचा आवाज जन्मापासूनच मोठा. आई सांगायची, ही रडायला लागली की शेजारचं बाळ घाबरून गप्प व्हायचं. शाळेत कवायतीच्या सूचना द्यायला हिलाच पुढे उभं करत, म्हणजे माइक मागवायची कटकट नको. मावशीने तिला 'भोंगा' नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. भोंगा 'आला' म्हणायचं की 'आली', यावर भावंडांत पैजा लागायच्या.

असा आवाज घेऊन ती लग्न करून गेली कुठे, तर एका निवृत्त ग्रंथपालाच्या घरी. सासऱ्यांनी सगळी हयात एका मोठ्या वाचनालयात घालवली होती. ते वाचनालयातून निवृत्त झाले, पण वाचनालय काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरातला आवाज दाराबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा नियम. भांडण असो, कौतुक असो, सगळं खालच्या पट्टीत. ते स्वतः कधी ओरडत नसत. नुसतं बोट ओठांवर ठेवत आणि माणूस जागच्या जागी विरघळे. नवरा याच तालमीत वाढलेला. त्याने लग्नाला होकार दिला तेव्हा भोंगाने "काय?" म्हणून दोनदा विचारलं होतं.

भोंगा शिवणकाम करायची. त्या निमित्ताने ती एका स्टुडिओत गेली. तिथे लहान मुलांसाठी टीव्हीवर बाहुल्यांची विनोदी मालिका चाले. पप्पा, मम्मी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी तडतडी. सगळ्या हातात घालायच्या कापडी बाहुल्या. त्यांचे कपडे फाटत, मळत. ते शिवायचं काम हिच्याकडे. एक दिवस तडतडीला आवाज देणाऱ्या बाईंचा घसा बसला. सगळे कपाळाला हात लावून बसलेले, आणि इकडे दिव्यांच्या माणसाने आपली शिडी नेमकी भोंगाच्या कापडावर ठेवली. त्यावर भोंगाने त्याला जे झापलं, ते ऐकून दिग्दर्शक धावतच आले. "कोण बोललं? कोण बोललं आत्ता?" संध्याकाळपर्यंत बाहुली तिच्या हातात होती.

घरी तिने विचारलं तेव्हा सासरे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पडद्यामागचं काम आहे ना? कर. पण आपलं नाव त्या टीव्हीवर यायचं नाही. इमारतीत कुणाला कळायचं नाही. आणि तो आवाज या घरात काढायचा नाही."

तिला वाटलं, एवढंच ना! ती हो म्हणाली.

काम अंग मोडणारं होतं. डोक्याच्या उंचीवर एक लांब फळी, तिच्यावर बाहुल्यांचं घर. कलाकारांनी खाली दाटीवाटीने उभं राहायचं, हात वर ताणायचा, पायाशी ठेवलेल्या छोट्या टीव्हीत वरची बाहुली बघायची आणि बोलायचं. अंगठा खाली केला की बाहुलीचं तोंड उघडे. तिच्या शेजारी पप्पांची बाहुली चालवणारा कलाकार. तो पन्नाशीचा, एकटा जीव, झुरळाला घाबरणारा. पण हातात बाहुली चढली की असा गरजायचा की फळी हादरे. सगळा स्टुडिओ त्याला पप्पाच म्हणे.

तडतडीच्या घरी पावलोपावली नियम. आणि तडतडीच्या डोक्यात रोज नवं खूळ. कधी रेनकोट घालून झोपायचं, कधी जेवताना फक्त गाण्यात बोलायचं. पप्पा रागावले की ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "पण मला विचारलं का कुणी?" मुलं या वाक्यावर खूश. इमारतीतली पोरंसुद्धा जिन्यात हेच ओरडत. भोंगा हातात भाजीची पिशवी घेऊन त्यांच्यामधून तोंड मिटून वर यायची. घरात हे गुपित तिच्या मुलीलाही ठाऊक होतं. तीही आठ वर्षांची. तिने ते पोटात ठेवलं होतं, आणि आठ वर्षांच्या पोटात मावण्यासारखं ते नव्हतं.

मग वाहिनीवर नव्या बाई आल्या. नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, पालकांच्या तक्रारी येतायत. मुलं उलटून बोलायला लागलीत. आता प्रत्येक भागाच्या शेवटी तडतडी माफी मागेल.

पहिलाच भाग होता पिवळ्या पलंगाचा. घरातलं सगळं सामान तपकिरी, म्हणून तडतडी आपला पलंग कुणाला न विचारता पिवळाधमक रंगवते. पप्पा कडाडतात. इथवर सगळं झकास झालं. दिवेवाले हसले, कॅमेरावाला हसला. मग शेवटचं वाक्य आलं. तडतडीने हात जोडून म्हणायचं होतं, "चुकले मी. लहानांनी प्रश्न विचारू नयेत, सांगितलेलं ऐकावं."

भोंगाचा हात वर होता. अंगठा हलेना.

"कट," दिग्दर्शक म्हणाले. "भोंगाताई, वाक्य विसरलात का?"

"विसरले नाही."

पुन्हा घेतलं. पुन्हा तडतडी तोंड मिटून पप्पांकडे बघत राहिली. तिसऱ्या खेपेला वाहिनीच्या बाई स्वतः फळीपाशी आल्या आणि वाकून खाली बघायला लागल्या.

"काय अडचण आहे?"

भोंगाने बाहुली हातातून काढली नाही. "बाई, न विचारता रंग लावला, हे चुकलं. त्याची माफी मागेल ती. पण प्रश्नच विचारायचे नाहीत, हे मी तिला म्हणायला लावणार नाही."

"अहो, ती बाहुली आहे."

"ऐकणारी पोरं बाहुल्या नाहीत ना."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त गोडवा उतरला. "तुम्ही आवाज द्यायचा. काय बोलायचं ते आम्ही ठरवतो."

"मग दुसरा आवाज शोधा," भोंगा म्हणाली. हे तिने एवढ्या मोठ्याने म्हटलं की बाहेर व्हरांड्यात चहा पिणारे लोक आत डोकावले. मालिकेचा लेखक स्वतःच्या बुटांकडे बघत होता. पप्पाने हळूच तिचा कोपर धरला, पण तोवर तिने तडतडीला फळीवर नीट बसवून ठेवलं होतं आणि ती निघाली होती.

आपण हे काय करून बसलो, असं तिला रस्त्यात दहादा वाटलं. अकराव्यांदा वाटलं, बरं केलं.

घरी सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं सुटलीस," ते म्हणाले आणि पुस्तकाचं पान उलटलं. नवऱ्याने घसा साफ केला. त्याच्या घसा साफ करण्याचे नाना अर्थ होते. हा कुठला, ते तिला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो भाग लागला. आवाज दुसऱ्याच कुणा मुलीचा. चांगला होता, चिमणीसारखा. तडतडीने हात जोडले, चुकले म्हणाली, प्रश्न विचारणार नाही म्हणाली. भोंगाची मुलगी टीव्हीसमोर ताडकन उठली.

"ही खोटी आहे!"

आजोबांचं बोट ओठांवर गेलं.

"खोटीच आहे, आजोबा. खरीने माफी मागितलीच नव्हती!" आणि चपला पायात अडकवून ती खाली पळाली. तिला कुणी अडवलं नाही. खरं म्हणजे तिला एवढ्या मोठ्याने बोलताना त्या घराने कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे सगळे गोंधळले होते.

थोड्याच वेळात दाराची घंटा वाजली. सासऱ्यांनी दार उघडलं. जिन्यात पोरांची ही गर्दी. सगळ्यात पुढे नात, लालबुंद चेहऱ्याने.

"आजोबा, खरी तडतडी इथे राहते?" एका दात पडलेल्या मुलाने विचारलं.

सासरे शांतपणे म्हणाले, "इथे असं कुणी राहत नाही."

भोंगा आत भांडी घासत होती. तिने ते वाक्य ऐकलं आणि तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. वाहिनीच्या बाईंनी तिच्या जागी दुसरी आणली, त्याचं तिला इतकं लागलं नव्हतं. तिथे निदान ती होती म्हणून तिच्या जागी दुसरी आणावी लागली. इथे तर ती नव्हतीच.

ओल्या हातांनीच ती बाहेर आली. तिने एक हात वर केला, अंगठा खाली ओढला.

"राहते की!" तडतडी ओरडली. "कोण म्हणतं राहत नाही? जाहीर करते, मी पलंग पिवळा केला! उद्या पप्पांच्या टकलावर फुलं काढणार आहे! पण आधी विचारणार आहे हं, पप्पा हो म्हणाले तरच!"

जिना असा दणाणला की वरच्या मजल्यांवरची दारं उघडली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. भोंगाने अख्खा पलंगाचा भाग करून दाखवला, पप्पांच्या गर्जनांसकट. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "अगं बाई, ही तू होतीस?"

सासऱ्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बाबा, दार उघडं राहू द्या," भोंगा म्हणाली. स्वतःच्या आवाजात.

पोरं पांगल्यावर ते खुर्चीत बसले. "सूनबाई, या घराचा एक नियम आहे."

"आहे. तो करताना मला कुणी विचारलं नाही."

"मोठ्याने बोललं म्हणजे ते खरं ठरत नाही." ते तिच्याकडे बघत नव्हते. "मी जन्मभर माणसांना गप्प बसवलं. म्हणून बाकीच्यांना वाचता आलं. त्यात काय वाईट केलं मी?"

म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भोंगा त्यांच्या समोर जमिनीवर बसली.

"काहीच वाईट नाही केलंत. पण बाबा, वाचनालय संध्याकाळी बंद होतं. माणसं घरी जातात आणि तिथे पोटभर बोलतात. आम्ही कुठे जायचं?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"दुपारी तुम्ही झोपता, तेव्हा मी चमचासुद्धा वाजू देणार नाही. तुमच्या हातात पुस्तक असेल तेव्हाही नाही. ते मला पटतं. पण मी काय काम करते ते यापुढे लपवणार नाही, आणि पोरीला कुजबुजायला शिकवणार नाही. हे तुम्हाला विचारत नाही, सांगतेय."

नवऱ्याने घसा साफ केला. सगळ्यांनी वाट बघितली. "बाबा," तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे. मला लहानपणी गाणं म्हणायचं होतं." एवढं बोलून तो गॅलरीत निघून गेला. भोंगाला लग्नानंतर इतक्या वर्षांनी ही बातमी कळत होती.

सासऱ्यांनी बोलणं सोडलं. ते मुळातच इतकं कमी बोलत की रुसले आहेत की नेहमीसारखेच आहेत, याचा पत्ता लागायला चार-पाच दिवस गेले. रुसलेच होते. भोंगाने त्यांचा चहा वेळेवर ठेवला, दुपारी घर चिडीचूप राखलं, आणि संध्याकाळी मुलीबरोबर मोठमोठ्याने पाढे म्हटले.

तिकडे स्टुडिओत पप्पा रडकुंडीला आला होता. "मी रागवायच्या आधीच ही माफी मागून मोकळी होते," तो दिग्दर्शकांना म्हणाला, "आता मी रागवू कुणावर? भिंतीवर?" मालिका लंगडायला लागली होती. मुलांनी दुसरं काहीतरी बघायला सुरुवात केली होती. शेवटी वाहिनीच्या बाईंचा फोन आला.

भोंगा गेली. या खेपेस फळीखाली नव्हे, बाईंच्या खोलीत, खुर्चीत बसून बोलली. "पडद्यावर माझं नाव हवं. आणि ती माफी नको."

"नाव देऊ," बाई म्हणाल्या. "पण मुलीने नियम मोडायचे आणि सुटायचं, हे मी चालू देणार नाही. मलाही दोन मुलं आहेत, भोंगाताई. संध्याकाळी घरी जाऊन मला ती सांभाळायची असतात."

"मग सुटू देऊ नका ना! पलंग तिलाच घासायला लावा. खेळायला सोडू नका. पण तिचं म्हणणं तिच्या तोंडातून काढून घेऊ नका. शिक्षा भोगताना ती बोलेल. बोलेलच."

बाई पेन्सिल टेबलावर आपटत राहिल्या. लेखक कोपऱ्यात बसला होता. इतके दिवस बुटांकडे बघणाऱ्या त्या माणसाने मान वर केली. "म्हणजे ती पलंग घासते, आणि घासताना पप्पांशी वाद घालते. आणि शेवटी पप्पा वैतागून म्हणतात, बरं बाई, एक पाय राहू दे पिवळा."

"एकच पाय," बाई लगेच म्हणाल्या.

"एकच," भोंगा म्हणाली.

तो भाग पुन्हा नव्याने केला. तडतडीने पॉलिश पेपर घेऊन पलंग घासला, धापा टाकत, एकेका फटक्याला एकेक मुद्दा मांडत. आणि पप्पा रागवता रागवता हरत गेले. चित्रण संपलं तेव्हा भोंगाचा खांदा भरून आला होता आणि पप्पा डोळे पुसत होता. हसून की कशाने, ते त्याने सांगितलं नाही.

भाग लागला त्या संध्याकाळी घरात टीव्हीचा आवाज पुरेसा मोठा ठेवला होता. सासरे त्यांच्या खुर्चीत, पुस्तक उघडं, पान मात्र उलटत नव्हतं. शेवटी नावं सरकायला लागली. तिचं नाव आलं, पूर्ण, आडनावासकट. मुलगी किंचाळली.

"वेलांटी चुकलीय," सासरे म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा हा पहिला शब्द. "आडनावात दुसरी वेलांटी असते. नाव लावायचंच आहे तर नीट लावायला सांग त्यांना."

"सांगते, बाबा."

कौतुक त्यांनी केलं नाही, आणि पुढेही कधी केलं नाही. पण वेलांटी दुरुस्त होईपर्यंत दर भागाच्या शेवटी ते चष्मा लावून बघत असत.

वाहिनीच्या बाई काही बदलल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात लिहून आलेल्या एका भागात मम्मी म्हणते, मुलींनी एवढं खो खो हसू नये, आणि तडतडी ओशाळून गप्प बसते. भोंगाने ते पान वाचलं, त्या ओळीखाली रेघ मारली, बाहुली पप्पाच्या हातात दिली आणि बाईंच्या खोलीकडे निघाली. दार लोटायच्या आधीच तिचा आवाज आत पोचला होता.