कांद्याला गोवर

नववीच्या वर्गाला मी सूक्ष्मदर्शकाचा इतिहास अगदी रंगवून सांगितला. एका कापडवाल्याने भिंगातून दातांवरचा मळ पाहिला आणि त्यात जिवंत प्राणी वळवळले! मग प्रत्येकाला कांद्याचा पापुद्रा दाखवला. बजावलं, "दिसेल तेच काढा."

सगळ्यांनी पुस्तकातल्यासारख्या सुबक पेशी काढल्या. एकट्या सायलीने आपल्या पेशींवर लाल ठिपके दिले.

"कांद्याला गोवर आला गं!" वर्ग खिदळला.

"खरंच दिसले, सर!" ती रडवेली झाली.

मी डोकावलो. ठिपके होते! खंडेनवमीला मीच यंत्राला लावलेलं कुंकू काचपट्टीवर झडलं होतं. भिंगाने जग शंभरपट मोठं करावं आणि आपण पुस्तकात आहे तेवढंच पाहावं, कमाल आहे!

सायलीला पैकीच्या पैकी मार्क दिले. "आणि बाकीचे कुठे बघत होतात रे?"

"एकमेकांच्या वहीत, सर."