तुळसाबाईची जट

फुलसावंगीतल्या आमच्या वस्तीत कुणाच्या पोरीचे केस गुंतले की आई तिला तुळसाबाईच्या ओसरीवर आणून बसवायची. तुळसाबाई जवस उकळायची आणि पाण्याला तार आली की गरम असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून घ्यायची. थंड झालं की तो बुळबुळीत रस कापडातून उतरतच नाही. त्यात थोडं एरंडीचं तेल. मग बोटांनी, शेंड्याकडून वर. मुळापासून फणी ओढणाऱ्या बाईला ती म्हणायची, "उपटायचंच हाय तं कोंबडी घे." जीभ तिखट, हात मऊ.

तिच्या स्वतःच्या डोक्यावरचा पदर मात्र कधी सरकला नाही. पदराखाली मानेवर वीतभर जट होती. आधीची लेकरं दगावली म्हणून नंतर झालेल्या पोराला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं, नाव ठेवलं उकंडा. त्याच वर्षी जट धरली. सासू म्हणाली, देवी आली, काढशील तर पोरगं जाईल. सासू गेली, नवरा गेला, आणि जटेचं ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही. छप्पन साली वस्तीबरोबर तिनेही दीक्षा घेतली. घरातले देव टोपलीत भरून स्वतःच्या हाताने नदीत सोडले. जटेपर्यंत तेवढा हात पोचला नाही.

उकंडा आता पंचविशीतला बाप्या, बायको-लेकरांचा. वंदना झाली की देवी-अंगाऱ्याविरुद्ध भाषण ठोकायची त्याला भारी हौस. लोक माना डोलवायचे. त्याची माय मागे बसून मान खाली घालायची आणि लाजेनं अर्धी व्हायची.

एकसष्ट साली शेजारची मथुराबाई आपल्या जमनीला घेऊन आली. पोरीच्या केसांत जट धरली होती.

"गुंता हाय हा, देवी नाई," तुळसाबाई म्हणाली. "बस वं पोरी."

मथुराबाईनं तिचा हात धरला. "पोरीले काही झालं तं? तुमच्या डोक्यात असती तं काढली असती काय तुमी?"

बिचारीच्या मनात काही नव्हतं, भीतीपोटी बोलली. उकंडा तिथेच खाटेवर बसला होता. खोटं बोलणं सोपं होतं, पण मग ही पोर जन्मभर पदर धरून बसली असती. तुळसाबाईनं पदर खाली घेतला.

"माह्या डोक्यात हाय. नाई काढली."

उकंडा उठून जवळ आला. "माय, मले काहून नाई सांगितलं?"

"तू काढ म्हटलं असतं. मी काढली असती. मंग तुले काही झालं असतं तं?"

हे बोलताना तिला लेकाच्या तोंडाकडे पाहवेना. मथुराबाईकडे पाठ करून ती म्हणाली, "आधी माही भिजव."

दुपारभर दोघी खपल्या. जुना गाभा सुटलाच नाही, तो कापावा लागला. मग तुळसाबाईनं जमनीची जट सोडवली. पोर दोन वेण्या घालून खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू हातात घेण्याआधी तुळसाबाई उकंडाच्या खाटेशी गेली आणि त्याची छाती वरखाली होते का ते पाहत उभी राहिली. तो जागाच होता.

"जित्ता हावो, माय," तो म्हणाला.

मथुराबाईसमोर पदर खाली घेताना वाटली नव्हती एवढी लाज तिला तेव्हा वाटली.