नीलोच्काच्या वडिलांचं नाव

नीलांबरी दामले पुण्यात रशियन शिकल्या, लग्नानंतर जर्मनीत कोलोनला आल्या आणि भाषांतरं करता करता साठीला पोचल्या. मग कुठे मनासारखं काम मिळालं. वस्तीतल्या शिक्षणकेंद्रात त्या रशियन राज्यकर्त्यांच्या पदव्यांवर बोलू लागल्या. आधी नुसता क्न्याझ, म्हणजे छोटा संस्थानिक, मग झार, मग पीटरनं घेतलेलं सम्राटपद. विषय रुक्ष खरा, पण बाई असा रंगवायच्या की पेन्शनर मंडळी डुलकी काढायला विसरत.

हा वर्ग त्यांना वालेंतिनानं मिळवून दिला. ती कझाकस्तानातून आलेली, बारा वर्षांपासूनची मैत्रीण. वर्ग दोघींच्या नावावर, तयारी मात्र सगळी नीलांबरीबाईंची. रशियन रिवाजात मान द्यायचा तर नावाला वडिलांचं नाव जोडतात, म्हणून बाई तिला 'वालेंतिना पेत्रोव्ना' म्हणत. ती यांना 'नीलोच्का' म्हणे. आई गेल्यापासून इतक्या लाडानं कुणी हाक मारली नव्हती. बाई विरघळून जायच्या.

वर्गात त्यांची एक आवडती गोष्ट होती. झारकडे अर्ज करताना मोठमोठे सरदारसुद्धा स्वतःला 'तुमचा गुलाम इवाश्का' म्हणवून घेत. इवानचा हिणकस इवाश्का! पुढे पीटरनं ती पद्धत मोडली. यावर सगळे हसत, बाई सर्वांत जास्त.

यंदा केंद्रानं वर्ग वर्षभराचा करायचं ठरवलं, पण शिक्षिका एकच हवी होती. संचालकांनी विचारलं, "तर मग, ही व्याख्यानं कुणाची?"

बाई तोंड उघडणार, तोच वालेंतिना म्हणाली, "माझीच. नीलोच्का चित्रं लावते, चहाचं बघते. फार गोड आहे हो."

बाईंना संताप आला, त्याहून जास्त लाज वाटली. बारा वर्षं आपण इवाश्का होऊन वावरलो आणि त्याला माया समजत राहिलो!

"वालेंतिना पेत्रोव्ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं नाव काय?"

वालेंतिना गोंधळली. "नीलोच्का, त्याचा इथे काय संबंध?"

"तुमच्या वडिलांचं नाव मी बारा वर्षं रोज घेतेय. माझ्या वडिलांचं तुम्ही कधी विचारलंतसुद्धा नाही."

मग त्या संचालकांकडे वळल्या. "व्याख्यानं माझी आहेत. कुठलंही विचारा, आत्ता उभ्या उभ्या देते. आणि लिहून घ्या, नीलांबरी वामनोव्ना."